शेजारची जमीन, काउंटीची फाइल

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला काउंटीची आठवण एरवी मालमत्ता कराचं बिल आलं की होते. मग कधीतरी घरामागच्या मोकळ्या जमिनीवर गोदाम येणार असल्याचं कानावर येतं आणि त्यासोबत जाहीर सुनावणीची तारीखही. अशा वेळी कोणाकडे जायचं, काय लिहायचं आणि कधी, ते क्रमाने पाहू. एक मात्र आधीच सांगते. सुनावणीच्या दिवशी माइकसमोर केलेलं भाषण हा यातला सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. निर्णय बराचसा फाइलमध्ये होतो, आणि फाइल त्याच्या खूप आधी भरत आलेली असते.

पहिलं काम, जमीन कोणाच्या हद्दीत आहे ते शोधणं. राज्यात ५८ काउंट्या आहेत, पण काउंटीभरच्या सगळ्या जमिनीचा निर्णय काउंटी करत नाही. जिथे शहराची नगरपालिका आहे तिथे शहर ठरवतं. उरलेल्या, कोणत्याही शहरात न मोडणाऱ्या भागावर काउंटीचं राज्य. अलामेडा काउंटीतलं कॅस्ट्रो व्हॅली चांगलं मोठं गाव आहे, पण त्याला नगरपालिका नाही. आपले बरेच लोक राहतात त्या माउंटन हाउसचंही १ जुलै २०२४ पर्यंत असंच होतं. तिथल्या जमिनीचे निर्णय स्टॉकटनला, सॅन वाकीन काउंटीच्या मंडळासमोर होत. आता ते स्वतंत्र शहर आहे.

इथे हमखास गफलत होते ती टपालाच्या पत्त्यामुळे. पत्त्यात सॅन होजे लिहिलं म्हणजे जमीन सॅन होजे शहराच्या हद्दीत असेलच असं नाही. मधूनमधून काउंटीचे तुकडे आहेत. प्रत्येक जमिनीला आपल्याकडच्या गट नंबरासारखा एक पार्सल नंबर असतो. तो किंवा पत्ता नियोजन विभागाला कळवून हद्द विचारावी. चुकीच्या कार्यालयाला पाठवलेलं उत्तम पत्रही वाया जातं.

दुसरा टप्पा बहुतेक लोक ओलांडूनच पुढे जातात: निर्णय कोणत्या प्रकारचा आहे? काउंटीचा सर्वसाधारण आराखडा, म्हणजे जनरल प्लॅन, किंवा झोनिंग, म्हणजे कुठल्या पट्ट्यात शेती, घरं, दुकानं की कारखाने याचे नियम, बदलायचे असतील तर तो धोरणाचा निर्णय. तो काउंटीचं निवडून आलेलं सुपरवायझर मंडळ घेतं. सॅन फ्रान्सिस्को सोडलं तर या मंडळात सहसा पाच जण असतात. ‘आम्हाला या खोऱ्यात शेतीच हवी’ असं तिथे नुसत्या मताच्या बळावरही म्हणता येतं.

नियम तेच ठेवून एखाद्याच जागेला सशर्त वापर परवाना द्यायचा असेल, तर मंडळ किंवा त्याने नेमलेला नियोजन आयोग जवळजवळ न्यायाधीशाच्या भूमिकेत असतो. तिथे मत चालत नाही, पुरावा चालतो. तिसरा प्रकार, अर्ज नियमात बसला की अधिकाऱ्याला मंजुरी द्यावीच लागते असा. त्यात जाहीर सुनावणी नसते. घरांची टंचाई कमी व्हावी म्हणून २०१७ पासून राज्याने ठरावीक निकषांत बसणारे गृहप्रकल्प या प्रकारात आणले. २०२५ मध्ये शहरी वस्तीतल्या अनेक गृहप्रकल्पांना पर्यावरण आढाव्यातूनही सूट मिळाली. शेजाऱ्यांचा आवाज त्यामुळे कमी झाला, हे खरं. पण वर्षानुवर्षं तोच आवाज वापरून घरं अडवलीही गेली, हेही तितकंच खरं. मला हा बदल एकूणात बरोबर वाटतो. आपल्या बाबतीत तो लागू आहे का, एवढं आधी विचारून घ्या. सुनावणीच नसेल तर तिच्या तयारीत वेळ कशाला घालवायचा?

आता नोटीस. राज्याचा किमान नियम साधारण असा: सुनावणीआधी निदान १० दिवस जाहीर सूचना, आणि जागेपासून ३०० फुटांच्या आतल्या मालमत्ताधारकांना टपालाने पत्र. शब्द मालमत्ताधारक आहे, रहिवासी नव्हे. म्हणजे भाडेकरूला पत्र येत नाही, ते घरमालकाकडे जातं, मग तो दुसऱ्या राज्यात का असेना. ग्रामीण भागात ३०० फूट म्हणजे कधीकधी एकच शेजारी. मालमत्ताधारक हजाराहून अधिक असले तर पत्रांऐवजी वर्तमानपत्रात मोठी जाहिरात देऊनही काउंटीचं काम भागतं, आणि स्थानिक वर्तमानपत्र आता कोण वाचतं?

यावर उपाय सोपा आहे. सुनावणीच्या सूचना मला पाठवा, अशी लेखी मागणी कोणीही करू शकतं, भाडेकरूसुद्धा. थोडं शुल्क पडू शकतं आणि मागणीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. शिवाय बैठकांच्या ईमेल यादीत नाव घाला.

चौथी गोष्ट कागदपत्रांची, आणि माझ्या मते सगळं इथेच ठरतं. १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. पत्रिकेत नसलेल्या विषयावर मंडळाला निर्णय घेता येत नाही, आणि सदस्यांच्या बहुमताने आपापसात फोनाफोनी करून आधीच ठरवून टाकणंही बेकायदा आहे. पत्रिका उघडली की ‘कन्सेंट कॅलेंडर’ नावाचा भाग नजरेखालून घाला. त्यातले सगळे विषय चर्चेविना एकाच मतदानात संमत होतात. आपला विषय तिथे दिसला, तर तो बाहेर काढून चर्चेला घ्या, अशी विनंती आधीच करावी.

विषयपत्रिकेसोबत कर्मचाऱ्यांचा अहवाल येतो: अर्ज काय, नियम काय, शिफारस काय, कोणत्या अटी. हा अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचा, कारण अटी शेवटी असतात. वाहतुकीचा अभ्यास, अर्जदाराचा पत्रव्यवहार, जुने परवाने यांसाठी सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली अर्ज करता येतो. आपल्या माहिती अधिकाराची कल्पना असेल त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. कागद देता येतील की नाही हे काउंटीने १० दिवसांत कळवायचं असतं, आणि खास कारण असेल तर आणखी १४ दिवस मिळतात. आता हिशेब मांडा. पत्रिका ७२ तास आधी आली आणि तेव्हा आपण कागद मागितले, तर ते सुनावणी उरकल्यावर हाती येणार. म्हणून पहिली कुणकुण लागताच अर्ज टाका. ‘या प्रकल्पाचं सगळं द्या’ असं मोघम न मागता पार्सल नंबर, कालावधी आणि कागदाचा प्रकार लिहा. कागद पाहायला पैसे पडत नाहीत, प्रतींचा खर्च तेवढा द्यावा लागतो.

पाचवा टप्पा, हरकत लिहिणं. रहदारी वाढेल, शांतता जाईल, घराची किंमत पडेल, अशी पत्रं ढिगाने येतात आणि ढिगातच राहतात. त्याऐवजी, अभ्यासात ट्रकची मोजणी शाळेच्या सुट्टीत झाली आहे, किंवा जनरल प्लॅनमधल्या अमुक धोरणाशी हा वापर विसंगत आहे, असं नेमकं लिहिलं तर कर्मचाऱ्यांना त्याची दखल घेणं भाग पडतं. पर्यावरण अहवालाचा मसुदा निघाला असेल तर राज्याच्या कार्यालयाकडून फिरणाऱ्या मसुद्यावर हरकतींना सहसा ४५ दिवस असतात. तिथे उपस्थित केलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या मुद्द्याला अंतिम अहवालात लेखी उत्तर द्यावं लागतं.

एकाच मजकुराच्या दोनशे प्रतींपेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांची पाच पत्रं भारी पडतात. आणखी एक कारण कायद्यातच आहे: पुढे कोर्टात गेल्यास साधारणपणे तेच मुद्दे मांडता येतात जे सुनावणीत किंवा तिच्याआधी लेखी मांडलेले आहेत. आपला हुकमी मुद्दा राखून ठेवला, तर तो कायमचाच गेला.

नुसता विरोध न करता अटीही मागा. अर्ज सरसकट नाकारला जाणं विरळा. रात्रीची वाहतूक बंद, दिवे खाली वळवलेले, कुंपणापासून जास्त सामासिक अंतर, आवाज अडवणारी भिंत, हे मिळू शकतं. अटींची ताकद किती असते ते सांता क्लारा काउंटीत दिसलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा बहुतांश मुख्य परिसर शहरात नाही, काउंटीत आहे. विद्यापीठाने २०१६ मध्ये जवळपास २३ लाख चौरस फूट नव्या शैक्षणिक बांधकामासाठी अर्ज केला. वाढणाऱ्या माणसांसाठी घरं बांधा आणि रहदारीचा भार उचला, असा काउंटीचा आग्रह होता. मंडळाचं अंतिम मतदान तोंडावर असताना, नोव्हेंबर २०१९ मध्ये विद्यापीठानेच अर्ज मागे घेतला.

प्रत्यक्ष सुनावणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. हजेरीसाठी नाव-पत्ता लिहिण्याची सक्ती करता येत नाही. आईला किंवा सासऱ्यांना इंग्रजी बोलणं जड जात असेल तर त्यांनी खुशाल मराठीत बोलावं, दुभाषा घेऊन. वेळेची मर्यादा असेल तर अशा वक्त्याला निदान दुप्पट वेळ द्यावा, असं कायदाच सांगतो. भाषांतरासाठी एकाच वेळी चालणारी यंत्रणा असेल, तेवढा अपवाद. भाषणात लेखी पत्राचा सारांश सांगा आणि हवी असलेली अट शब्दशः वाचून दाखवा.

निर्णयानंतरच्या मुदती मात्र फारच आखूड. आयोगाच्या निर्णयावर मंडळाकडे अपील करायला बऱ्याच काउंट्यांत १० ते १५ दिवसच मिळतात, आणि त्याचं शुल्क कधी डोळे पांढरे करणारं असतं. झोनिंग किंवा परवान्याविरुद्ध कोर्टात जायला सहसा ९० दिवस, पर्यावरण आढाव्यावर काउंटीने नोटीस नोंदवल्यापासून ३०. निर्णय धोरणाचा असेल तर त्याविरुद्ध सार्वमत मागता येतं. त्यासाठी ३० दिवसांत, गव्हर्नरपदाच्या मागच्या निवडणुकीत काउंटीत पडलेल्या मतांच्या १० टक्के इतक्या मतदारांच्या सह्या लागतात. परवान्यावर सार्वमत नाही.

वकिलाकडे जाण्याआधी निर्णयातले निष्कर्ष वाचा. टोपांगा खोऱ्यातल्या रहिवासी संघटनेने लॉस एंजेलिस काउंटीविरुद्ध लढवलेल्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये सांगितलं, की पुराव्यावरून निर्णयापर्यंत कसं पोहोचलो हे संस्थेने दाखवलं पाहिजे. तो दुवा कच्चा असेल तर खटल्याला आधार मिळतो. नसेल तर पैसे वाचवा.

मंजूर झालेल्या अटींची यादी जपून ठेवा. रात्री अकरानंतर ट्रक येऊ लागले तर तारीख, वेळ आणि फोटोसह काउंटीच्या नियमपालन विभागाकडे अटीचा क्रमांक देऊन तक्रार करा. अटी वारंवार मोडल्या तर परवाना बदलण्याची किंवा रद्द करण्याची कारवाई होऊ शकते, आणि त्यासाठीही पुन्हा सुनावणी लागते. आधीच्या फाइलमधली आपली पत्रं तिथे कामी येतात.