रॉडचा पुडा पलंगाखाली नको

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग थांबतात आणि दुरुस्तीच्या कामांना सवड मिळते. मागाचे सुटलेले ब्रॅकेट, शेडचा गंजलेला अँगल, घराच्या जिन्याचा हललेला कठडा, सगळे वेल्डिंगच्या दुकानाकडे वळते. अनेक घरांत पुढच्या खोलीत दुकान आणि मागे संसार असतो. म्हणून रॉडचे पुडे कुठे ठेवायचे हा प्रश्न उस्तादाइतकाच घरातल्या अम्मी-भाभींचाही आहे. जागा नसली की पुडा पलंगाखाली जातो, नाहीतर मोरीजवळच्या भिंतीला टेकतो.

ग्रील, दरवाजे, कठडे यांसाठी सर्रास वापरला जाणारा रॉड म्हणजे रुटाईल लेपाचा, पुड्यावर ६०१३ लिहिलेला. रुटाईल हे टायटॅनियमचे खनिज आहे. केरळमधल्या चवरा आणि ओडिशातल्या छत्रपूरच्या किनारी वाळूतून ते काढतात. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही टायटॅनियमचेच ऑक्साईड असते. आकड्यातले ६० म्हणजे जोडाच्या धातूची ताकद, दर चौरस इंचाला किमान ६० हजार पौंड. पुढचा १ सांगतो की आडवे, उभे, डोक्यावरचे, कोणतेही काम करता येते. शेवटच्या ३ वरून लेपाची जात कळते. हा रॉड घराघरातल्या साध्या ट्रान्सफॉर्मर सेटवरही पटकन पेटतो, ठिणग्या कमी उडवतो आणि वरचे कवच हातोडीच्या हलक्या ठोक्याने सुटते. नवा शागीर्द याच रॉडवर हात बसवतो.

एवढा सोशिक म्हणून त्याची आबाळही तितकीच होते. लेप कोरडा दिसला तरी हवेतला ओलावा शोषतो. रुटाईल रॉड थोडा ओलावा सहन करतो, पण जास्त झाला की आर्क तडतडतो, जोडात टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात आणि कवच चिकटून बसते. पातळ ग्रीलमध्ये एखादे भोक खपून जाते. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यात मात्र नाही. त्याला टेकून मुले उभी राहतात.

ईदच्या शेवया आपण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, तसेच रॉडचे करावे. न उघडलेला पुडा जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. आधी आणलेला आधी वापरा, त्यासाठी पुड्यावर तारीख लिहून ठेवली की भांडण मिटते. फोडलेल्या पुड्यातले रॉड घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बरणीत घाला आणि त्या दिवशी लागतील तेवढेच बाहेर काढा. पुडा आपटू नका. लेपाचा टवका उडाला की तेवढ्या जागी जोड उघडा पडतो.

काही दुकानांत पत्र्याच्या कपाटात बल्ब लावून रॉड उबदार ठेवतात. युक्ती चांगली आहे, फक्त बल्ब जुन्या पद्धतीचा पिवळा हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही.

ओल ओळखायला दोन-चार रॉड हातात घेऊन हलवा. कोरडे खणखणतात, ओले बद्द वाजतात. लेपावर पांढरी बुरशीसारखी पूड आली असेल किंवा आतल्या तारेवर गंज दिसत असेल, तर तो रॉड महत्त्वाच्या कामाला नको. नुसता ओला असेल तर ७० ते ११० अंशांवर तासभर वाळवला की बहुधा पुरते. पुड्यावर कंपनीने वेगळे लिहिले असेल तर तेच पाळावे.

इथे जास्त हुशारी नडते. ‘जितका तापवू तितका कोरडा’ म्हणून कोणी रॉड गॅसच्या शेगडीवर धरतात किंवा ३०० अंशांच्या भट्टीत टाकतात. रुटाईल लेपात थोडा सेल्युलोजसारखा जळणारा पदार्थ असतो. त्याचा वायू आर्कला सांभाळतो, जोडाला हवेपासून वाचवतो. तो आधीच जळून गेला, लेपाला तडे गेले, तर रॉड कोरडा असूनही कामाचा राहत नाही. ३०० अंशांच्या आसपासचे वाळवणे ७०१८ सारख्या लो-हायड्रोजन रॉडसाठी असते. दोन्ही एकाच भट्टीत घालू नयेत.

मागाच्या शाफ्टची गोष्ट वेगळी. साध्या ग्रीलच्या पोलादापेक्षा त्यात बऱ्याचदा कार्बन जास्त असतो. लेपातून येणारा हायड्रोजन, जाड धातूचे झटपट थंड होणे आणि कार्बन, तिन्ही एकत्र आले की जोडालगत आतल्या आत तडा जातो. तोही कधी काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी. शुक्रवारी ठणठणीत दिसणारा शाफ्ट रविवारी चालत्या मागावर तुटू शकतो, आणि शेजारी कारागीर उभा असतो. तिथे नीट वाळवलेला ७०१८ घ्या, शाफ्ट आधी तापवा, नंतर सावकाश थंड होऊ द्या. फिरणाऱ्या शाफ्टला नवा तुकडा मिळत असेल तर तोच बसवावा, असे माझे मत. मागाची बिडाची फ्रेम तर ६०१३ ला देऊच नये. जोड लागल्यासारखा दिसतो आणि कडेने फुटतो. बिडासाठी निकेलचा रॉड असतो. तो महाग आहे, म्हणून सुटा, दोन-चार नगांनी घेतला तरी चालतो, पण त्यालाही बरणी हवीच.