फॉरवर्ड झालेला सीमाभाग

सतरा जानेवारीचा हुतात्मा दिन किंवा एक नोव्हेंबरचा काळा दिवस जवळ आला, की बेळगाव-निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जुने फोटो, कात्रणं, नकाशे फिरू लागतात. घरोघरी ट्रंकेत पडून राहिलेलं बरंच काही त्यामुळेच उजेडात आलं, आणि ते यायलाच हवं. पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इथे इतिहास सांगताना झालेली चूक समोरच्याच्या हातात आयतं कोलीत देते.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज महाजन आयोगाचा : ‘आयोगानं सगळं कर्नाटकाला देऊन टाकलं.’ १९६६ साली नेमलेल्या या आयोगाचा १९६७चा अहवाल बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच ठेवतो, हे खरं. पण निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, ही शिफारसही त्याच अहवालात आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरसह २४७ गावं तिकडे द्यावीत, असंही त्यात म्हटलंय. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला, कर्नाटकानं उचलून धरला, आणि दोन्हीकडचे फॉरवर्ड आपापल्या सोयीचं पान तेवढं दाखवत राहिले. निपाणीकरानं तरी आपल्या गावाबद्दलची शिफारस मुळातून वाचावी.

दुसरा गोंधळ निपाणीच्या गोळीबाराचा. कुठलाही जुना फोटो आला, की तो सीमालढ्याच्या खात्यात जमा होतो. सीमालढ्यातला गोळीबार १७ जानेवारी १९५६चा, म्हणजे हा भाग त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात विलीन होण्याच्या साडेनऊ महिने आधीचा. निपाणीच्या कमळाबाई मोहिते त्यात हुतात्मा झाल्या. ६ एप्रिल १९८१चा गोळीबार मात्र तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलेल्या शेतकऱ्यांवर झाला. त्या आंदोलनाचं नेतृत्व शरद जोशी करत होते आणि बारा शेतकरी त्यात गेले. एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावानं फिरवला, तर दोन्ही बलिदानांवर अन्याय होतो.

शिलालेख आणि मोडी कागद यांच्या पोस्ट तर ‘हा भाग मराठी की कन्नड’ या वादासाठीच टाकल्या जातात. बेळगावच्या किल्ल्यातल्या जैन मंदिराचा १२०४चा लेख रट्ट राजांच्या काळातला, कन्नडमधला; तो आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पेशवाईतला इथला कागद मोडी लिपीतल्या मराठीत सापडतो. यावरून त्या त्या काळी दरबाराचं लिखाण कुठल्या भाषेत चालायचं ते कळतं. गल्लीत, शेतात कोण काय बोलत होतं, हे ठरवायला तेवढं पुरत नाही. मला हे दोन्ही पुरावे आपलेच वाटतात.

कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा ‘खरा फोटो’ आला तर तो खोटा ठरवायला क्षणभरही थांबायला नको. त्या १८२९मध्ये गेल्या. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९मध्ये.

राहिला शेवटचा समज : ‘ग्रुपवर टाकलं म्हणजे जपलं गेलं.’ व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यातली तारखेची माहितीही गळते. स्वामी विवेकानंदांचा ऑक्टोबर १८९२चा बेळगावातला फोटो आज नेमका ओळखता येतो, कारण गाव, महिना आणि छायाचित्रकार एस. महादेव यांचं नाव त्याच्यासोबत टिकलं. आजोबांचा फोटो पाठवायचा असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मागची बाजूही स्कॅन करा, आणि फोटो कुणाच्या घरातला, कोणत्या सालचा, त्यात कोण कोण आहे, हे खाली लिहा. साल माहीत नसेल तर तेही स्पष्ट नोंदवा.