गाडीचं ऑइल दुधाळ झालंय? आधी किक मारणं थांबवा

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा आणि भूम तालुक्यांना पुराने वेढा घातला. काही ठिकाणी माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. असा पूर ओसरला की आधी जनावरं, धान्य आणि घर बघितलं जातं. मग लक्ष जातं ते दारात चिखलाने माखलेल्या गाडीकडे. नेमकी इथे घाई होते. गाडी पुसली जाते, प्लग कोरडा केला जातो आणि किकवर किक मारली जाते.

ढोकीत अशी वेळ यायला महापूरच यावा लागतो असं नाही. लातूर-बार्शी रस्त्यावरचं हे तेरणेच्या खोऱ्यातलं गाव, भोवती उसाचा पट्टा. शेताकडे जायचं तर वाटेत ओढे आणि फरशी पूल. जोराचा पाऊस झाला की पुलावरून पाणी वाहतं आणि 'एवढ्यात काय होतंय' म्हणत गाडी त्यात घातली जाते. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी खताची गोणी आणि संध्याकाळी पोरांची शिकवणी, सगळं एकाच गाडीवर असतं. ती आठ दिवस गॅरेजात पडली तर डेअरीला दूध घालायचं कसं, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

गिअरचं ऑइल नक्की असतं कुठे?

आपल्याकडच्या बहुतेक १०० ते १५० सीसी चार-स्ट्रोक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच यांचं ऑइल एकच असतं. स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना सगळ्या याच प्रकारच्या. म्हणजे पाणी गिअरपाशी पोचलं की ते पिस्टनपाशी आणि क्लच प्लेटांपाशीही पोचलंच.

आरएक्स १०० किंवा राजदूतसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचं तसं नाही. इंजिनासाठी टूटी ऑइल आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. गावाकडे अशा गाड्या जपणारे लोक अजून आहेत, आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं असतं हेच त्यातले अनेक जण विसरतात. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरला मागच्या चाकापाशी छोटी गिअर पेटी असते. तिच्यात साधारण १२० मिली ऑइल बसतं. इंजिन ऑइल बदललं, पण हे राहून गेलं, असं स्कूटरच्या बाबतीत सहज होतं.

बंद डब्यात पाणी शिरतं कसं?

गिअरबॉक्स हा पूर्ण बंद डबा नसतो. आतली हवा तापून फुगते, तिला बाहेर जायला एक ब्रीदर पाइप दिलेला असतो. काही गाड्यांत तो एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेला असतो, काहींत खाली मोकळा लोंबतो.

आता समजा, गाडी दहा-बारा किलोमीटर चालून आली आहे, इंजिनाच्या आतली हवा ९० अंशांवर आहे आणि तुम्ही ती ओढ्याच्या गार पाण्यात घातली. हवा ३० अंशांपर्यंत थंड झाली तर ती साधारण सहाव्या हिश्श्याने आकसते. तेवढी जागा भरायला बाहेरून काहीतरी आत ओढलं जाणार. ब्रीदरचं टोक किंवा एखादं झिजलेलं सील पाण्याखाली असेल, तर आत येतं ते पाणी. दुसरं असं की शाफ्टवरची ऑइल सील मुख्यतः आतलं ऑइल बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेली असतात. बाहेरून येणाऱ्या पाण्याला ती तितक्या ताकदीने अडवत नाहीत. डीपस्टिकची चपटी झालेली ओ-रिंग, गिअर लिव्हरमागचं कडक पडलेलं सील, वॉशिंग सेंटरवर जवळून मारलेला प्रेशरचा फवारा, हे बाकीचे रस्ते.

एक रस्ता मात्र पावसाळ्याशिवायही चालू असतो. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली उतरते. गाडी रोज फक्त घर ते स्टँड एवढीच चालत असेल तर ऑइल पुरेसं तापत नाही आणि ही वाफ आतच थिजते. हिवाळ्यात डीपस्टिकच्या झाकणाला आतून पिवळट साय दिसते ती हीच. झाकणावर साय आहे, पण खालचं ऑइल स्वच्छ आहे, अशा वेळी घाबरायचं कारण नाही. एकदा लातूरपर्यंत सलग गाडी चालवून आणली की बहुधा ती जाते.

लिक्विड कूल्ड गाडी असेल, म्हणजे पल्सर एनएस २०० किंवा केटीएम, तर पाण्यातून न जाताही ऑइल दुधाळ होऊ शकतं. तिथे वॉटर पंपाचं सील गेल्याचा संशय घ्यायचा. ते बदलल्याशिवाय कितीही ऑइल ओता, उपयोग नाही.

चमचाभर पाण्याने काय बिघडतं?

तेल-पाणी एकत्र होत नाही हे आपण शाळेत शिकलो. पण ताक घुसळावं तसे गिअर ते घुसळतात आणि त्याचं चहासारखं मिश्रण बनतं. गिअरच्या दातांमध्ये आणि बेरिंगमध्ये धातूला धातूपासून दूर ठेवणारा ऑइलचा पातळ थर असतो. पाण्याला तो भार पेलत नाही. बेरिंगच्या बाबतीत ऑइलमध्ये हजारात एक भाग पाणी असलं तरी आयुष्य घटतं. ९०० मिली ऑइलमध्ये हजारातला एक भाग म्हणजे एक मिलीसुद्धा नाही, चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा.

क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं. ते पाण्याने फुगतं, कधी सुटूनही येतं. मग इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे ओढत नाही. गंज मात्र गुपचूप काम करतो. पुरात बुडालेली गाडी 'बघू नंतर' म्हणून महिनाभर तशीच उभी ठेवली तर बेरिंगवर डाग पडतात. गाडी चालू तर होते, पण घुरघुर कायमची मागे लागते.

मग करायचं काय?

पाण्यात बंद पडलेली किंवा बुडालेली गाडी चालू करायची नाही. बटणही नाही, किकही नाही, ढकलून गिअरमध्ये टाकणं तर अजिबात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तेवढं झालं की इंजिन खोलावंच लागतं.

गाडी कोरड्यात आणून मेन स्टँडवर लावा आणि बॅटरीची वायर काढा. प्लग काढून, हाताने किक हळूहळू दाबून सिलिंडरमधलं पाणी बाहेर येतंय का बघा. ऑइल लगेच सोडण्यापेक्षा गाडी काही तास स्थिर उभी राहिली तर बरं. ऑइलपेक्षा पाणी जड, त्यामुळे न घुसळलेलं पाणी तळाशी बसतं आणि ड्रेन नट सैल करताच आधी तेच बाहेर येतं. बाटलीत धरा, किती पाणी आलं ते दिसेल.

थोडंच पाणी असल्याचा संशय असेल तर तव्याची परीक्षा करता येते. एखादा जुना पत्रा चांगला तापवून त्यावर ऑइलचा एकच थेंब टाका. तडतड आवाज आला, बुडबुडे उठले तर पाणी आहे. हे उघड्यावर, पेट्रोलपासून दूर आणि तोंड लांब ठेवून करायचं. घरच्या पोळीच्या तव्यावर नको, त्याचे परिणाम वेगळे असतात.

जुनं ऑइल सोडून नवं ओतलं की काम झालं, असं समजलं जातं. इथे हिशेब बघा. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ऑइलचे दोन आकडे असतात: इंजिन पूर्ण खोलल्यावर किती आणि नुसतं बदलताना किती. १०० सीसीच्या गाडीत त्यांच्यातला फरक साधारण शंभर-दीडशे मिली असतो. हे ऑइल नट काढला तरी आत कोपऱ्यांत राहतं. म्हणजे एक लिटरमधलं ढोबळ दहा टक्के. ऑइलमध्ये दहा टक्के पाणी असेल तर पहिल्या बदलानंतर एक टक्का उरतं, दुसऱ्यानंतर ०.१ टक्के, तिसऱ्यानंतर ०.०१. पुरात बुडालेल्या गाडीचं ऑइल तीनदा बदलायला सांगतात ते यामुळे.

तिन्ही वेळा महागडं ऑइल लागत नाही. पहिल्या दोन वेळा त्याच ग्रेडचं स्वस्तातलं चालतं, फक्त डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' असल्याची खात्री करा. हे मानक ओल्या क्लचच्या गाड्यांसाठी आहे. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरण्याची शक्यता असते. ऑइल भरल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटं रेस न करता चालू ठेवायचं, गिअर बदलून बघायचे आणि सोडायचं. पारदर्शक ऑइल येईपर्यंत हेच. जाळी आणि फिल्टरही साफ करून घ्या, गाळ तिथेच अडकतो. शेवटचं चांगलं ऑइल भरल्यावर गाडी वीस-तीस किलोमीटर सलग चालवा, उरलंसुरलं पाणी वाफ होऊन ब्रीदरमधून निघून जातं. ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा बघा.

डिझेल टाकून इंजिन 'धुऊन' घ्यायची पद्धत मला पटत नाही. स्वस्त आहे हे खरं. पण शंभर मिली ऑइल मागे राहतं तसं तेवढं डिझेलही राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं. तीनदा ऑइल बदलण्याचा खर्च हजार-दीड हजाराच्या घरात जातो. इंजिन खोलण्यापुढे तो कमीच म्हणायचा.

विम्याचं काय?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुरातलं स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पूर येतो. पण पाणी शिरल्यावर गाडी चालू करायचा प्रयत्न केला आणि त्यामुळे इंजिन गेलं, असं सर्व्हेअरला दिसलं तर तेवढा दावा नाकारला जाऊ शकतो. इंजिनासाठी वेगळं जादा संरक्षण घेतलं असेल तर गोष्ट निराळी. त्यामुळे नट सैल करायच्याही आधी कंपनीला कळवा आणि गाडीवरची पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा.

सोडलेलं दुधाळ ऑइल चेनला लावू नका, त्यातल्या पाण्याने चेन गंजते. नालीत तर मुळीच नको, तिथून ते ओढ्यात आणि पुढे तेरणेत जातं. कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या. बऱ्याच गॅरेजांत त्यासाठी पिंप ठेवलेला असतो.