गवतानं घडवलेला घोडा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा रंग बघतो, चाल बघतो, भोवरे बघतो. पण तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय सौदा करत नाही. दातांवरून वय कळतं. का कळतं? कारण घोड्याचे दात जन्मभर झिजत असतात. आणि त्यांना झिजवतं कोण? गवत!

जामनेरच्या एखाद्या माळावर वाळलेलं गवत मुठीत धरून ओढा, बोटाला चरा पडेल. पात्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य. त्यावर धूळ. असलं खाणं मोकळ्या रानातला घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चघळतो. दात टिकणार कसे? म्हणून त्याची दाढ हिरडीच्या आत खोलवर दडलेली असते, तरण्या घोड्यात चांगली बोटभर लांब. वरून वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजली की तेवढीच खालून वर सरकते. खटक्याच्या पेन्सिलीतलं शिसंच म्हणा ना! साठा मात्र ठरलेला. तो संपला की म्हातारा घोडा हिरव्या माळावरही उपाशी राहतो.

पोटाची तऱ्हा आणखी न्यारी. गाय बसून निवांत रवंथ करते आणि गवतातलं सत्त्व अगदी पिळून काढते. घोड्याला रवंथ नाही. गवत आंबवणारे सूक्ष्मजीव त्याच्या मोठ्या आतड्यात, म्हणजे जठराच्याही पुढे. सत्त्व गाईपेक्षा कमी निघतं, पण खाल्लेलं भराभर पुढे सरकतं. म्हणून गाईला जे गवत पुरणार नाही, त्यावर घोडा निभावतो. फक्त भरपूर खायला हवं.

आता माळावर लपायचं कुठे? कुठेच नाही! तेव्हा डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ चहूकडे बघणारे. पायाला एकच बोट, त्याचाच खूर. उभ्या उभ्या डुलकी घेताना गुडघ्याचे सांधे स्नायूंना फार न शिणवता अडकून राहतात. गाढ झोपेसाठी मात्र आडवं व्हावंच लागतं, तेव्हा कळपातला कुणीतरी उभा राहून राखण करतो. कळप म्हणजे बहुधा एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरं. शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभं राहून आईमागे चालू लागतं. वयात आल्यावर मुलगेच काय, मुलीही घर सोडतात. मुली दुसऱ्या कळपात जातात, तरणे नर आपली ब्रह्मचाऱ्यांची टोळी करून हिंडतात.

असा रानटी घोडा आपल्याकडे होता? होता! सातपुडा ओलांडला की नर्मदा. तिच्या काठच्या जुन्या गाळात सापडलेल्या घोड्याच्या हाडांना फाल्कनर आणि कॉटली या जीवाश्म-अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात नाव दिलं, इक्वस नामाडिकस. नर्मदेचं नाव घोड्याला! आणि जामनेरच्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला, पुरातत्त्वज्ञ साळी यांच्या उत्खननात चक्क शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची. शहामृग उघड्या मैदानातला पक्षी. तो इथे पळत होता, म्हणजे तेव्हाचा खानदेश किती मोकळा असेल बघा.

पण मला सगळ्यात भुरळ पडते ती तापीच्या दुसऱ्या टोकाची. जामनेरच्या कांग नदीचं पाणी वाघूरमार्गे तापीत आणि तापी सुरतेकडे. त्या सुरत जिल्ह्यात वस्तानची लिग्नाइटची खाण आहे. तिथे साधारण मेंढीएवढ्या एका प्राण्याची हाडं मिळाली, कॅम्बेथेरियम. वय सुमारे साडेपाच कोटी वर्षं. घोडे, गेंडे आणि टॅपिर या घराण्याचा तो अगदी जवळचा भाऊबंद.

त्याच्या दाढा कशा होत्या? बुटक्या, गोलसर उंचवट्यांच्या, गवत चघळायच्या नव्हेतच! पण गवत तर त्याच्याही आधीचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताच्या सिलिकेचे कण सापडलेत, ते साडेसहा कोटी वर्षांहून जुने. म्हणजे गवत होतं, माळ नव्हते. ते दूरवर पसरले त्यानंतर काही कोटी वर्षांनी, आणि मग कुठे घोड्याच्या दाढा लांबत गेल्या.