नळदुर्गला हवी एक व्हेरा अ‍ॅटकिन्स

युद्धातल्या अत्याचारांचा धागा पुढच्या खुनांपर्यंत जातो आणि अनुभवानं मुरलेली एखादी बाई तो उलगडत नेते, ही रहस्यकथा पाश्चात्त्य देशांत चांगली रुळली आहे. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकानं हा वाचक जपला, पण या वळणाची कथा फारशी रुजली नाही. नळदुर्ग डोळ्यांसमोर असताना ती रुजू नये, याची मला खंत वाटते.

गुन्ह्याच्या साहित्याशी या गावाचं नातं जुनं आहे. १८३९ साली ठगांवरची गाजलेली कादंबरी लिहिणारा फिलिप मेडोज टेलर पुढे १८५३ मध्ये इथे अधिकारी म्हणून आला. पण नळदुर्गची खरी अनुत्तरित फाईल १९४८ची.

१३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि पहिली झुंज नळदुर्गलाच झाली. इथे धारातीर्थी पडलेले हवालदार बचित्तर सिंग यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. सैनिकांची नोंद अशी नावानिशी आहे. गावकऱ्यांच्या मरणाचं मात्र तसं झालं नाही. आधी निजामाच्या पाठिराख्या रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, हजारो कुटुंबं सरहद्द ओलांडून पळाली. मग फौज आल्यावर सूडाची लाट मुसलमान वस्त्यांवर आदळली. त्यातल्या बहुतेकांचा रझाकारीशी काडीचाही संबंध नव्हता. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं त्याच वर्षअखेरीस फिरून पाहणी केली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नळदुर्गचा उस्मानाबाद जिल्हा होता, आणि संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसं गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. तो अहवाल सामान्य अभ्यासकाला दिल्लीत वाचायला मिळेपर्यंत २०१३ उजाडलं.

सत्तावीस ते चाळीस! मधल्या तेरा हजारांत कोणाचा बाप, कोणाची लेक आहे? इथेच मला व्हेरा अ‍ॅटकिन्स आठवते. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पाठवलेल्या ब्रिटिश हेरांपैकी ११८ जण परतले नाहीत. युद्ध संपल्यावर त्या हेरांच्या विभागातली ही अधिकारी बाई जर्मनीत गेली, छळछावण्यांच्या पहारेकऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारत राहिली आणि ११७ जणांचं काय झालं ते शोधून काढलं. नात्झवायलर छावणीत मारलेल्या चार हेर स्त्रियांपैकी एक नूर इनायत खान, असं तिला आधी वाटलं होतं. ती तिथे थांबली नाही. पुरावे पुन्हा तपासले, तेव्हा कळलं की टिपू सुलतानाच्या घराण्यातली ही नूर दाखाऊला गोळी घालून मारली गेली. तारीख १३ सप्टेंबर १९४४. म्हणजे नळदुर्गच्या लढाईच्या बरोबर चार वर्षं आधी. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही, पण माझ्या मनातून तो जात नाही.

अशी चिकाटी मराठी बाईत नाही, असं कोण म्हणेल? मुंबईच्या खासगी गुप्तहेर रजनी पंडित यांनी एका खुनाच्या तपासासाठी सहा महिने संशयित बाईच्या घरी मोलकरीण म्हणून काम केलं. स्वयंपाकघरात, ओसरीवर, विहिरीच्या काठावर बायका जे बोलतात, ते पोलिसांच्या जबाबात येत नाही. समितीच्या अहवालात विहिरीत सापडलेल्या मृतांत बायकाही आहेत. त्यांच्या नात्यातली म्हातारी बोलली, तर दुसऱ्या म्हातारीशीच बोलेल.

आपल्याकडच्या एखाद्या लेखिकेनं साठी उलटलेली, निवृत्त झालेली महिला फौजदार उभी करावी. आज नळदुर्ग परिसरात एक खून होतो, आणि मृताच्या शेतीच्या कागदांत तिला खटकतं ते असं : निजामकाळच्या उर्दू दप्तरात असलेलं एक खातेदाराचं नाव पन्नासच्या दशकातल्या खासरा पाहणीत नाही. विक्री नाही, वारसाची नोंद नाही. तिनं तहसील कचेरीत आधी मागायचा कागद त्या खासरा पाहणीचाच, आणि दुसरं दार ठोठावायचं ते त्या खातेदाराच्या विधवेच्या माहेराचं.