विश्लेषण : सगळे भिडू एकाच बाजूला, मग डाव कोणाविरुद्ध? सुपरहिरोंचा पत्त्यांचा खेळ कसा जोखावा?

मेंढीकोट असो, रमी असो की बदाम सात, पत्ते म्हटले की समोर कोणीतरी हरायला हवे. ‘मार्व्हल चॅम्पियन्स’ या खेळात मात्र टेबलाभोवतीचे सगळे एकाच बाजूचे असतात आणि खलनायक म्हणजे पत्त्यांचा एक कॅट. अशा ‘सहकारी’ खेळात खरोखर चुरस असते का, की तो चौघांनी मिळून सोडवलेले गणित ठरतो?

खेळ नेमका काय आहे?

‘फॅण्टसी फ्लाइट गेम्स’ या अमेरिकी कंपनीने २०१९ मध्ये हा खेळ बाजारात आणला. तो १ ते ४ जणांना खेळता येतो. मूळ पेटीत स्पायडर-मॅन, कॅप्टन मार्व्हल, शी-हल्क, आयर्न मॅन आणि ब्लॅक पँथर असे पाच नायक आणि ऱ्हायनो, क्लॉ व अल्ट्रॉन हे तीन खलनायक मिळतात. प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा ४० ते ५० पानांचा कॅट असतो. त्यातील १५ पाने त्या नायकाची खास, बाकीची आपण निवडायची. खलनायकाची ताकद शून्यावर आणली की जिंकलो. नायक गारद झाले किंवा खलनायकाचा कट तडीस गेला की हरलो. हरण्याच्या या दोन वाटा आहेत, हे लक्षात ठेवावे. खेळाची सगळी गंमत तिथेच आहे.

हातातली पाने हाच पैसा

या खेळात वेगळी नाणी नाहीत. एखादे पान खेळायचे तर त्याची किंमत हातातली दुसरी पाने टाकून चुकवायची. स्पायडर-मॅनची जाळ्याला लटकून मारलेली लाथ ३ ‘किमती’ची आहे आणि तिने खलनायकाचे ८ गुण जातात. एका खेळाडूच्या डावात ऱ्हायनोची पहिल्या टप्प्यातली ताकद १४ असते. म्हणजे ही लाथ निम्म्याहून अधिक काम करते. पण हातात पाने पाच. लाथेचे एक आणि किमतीपोटी बहुधा आणखी तीन, अशी चार पाने एका फटक्यात गेली. रमीत आपण नको असलेले पान फेकतो. येथे हवीहवीशी पाने फेकावी लागतात. नवख्या खेळाडूला हे जिवावर येते आणि तो पाने जपत बसतो. तसे बसणे बहुतेक वेळा तोट्याचे. फेरीअखेर हात पुन्हा भरला जातो, मग साठवून मिळते काय?

मुखवटा काढायचा कधी?

प्रत्येक नायकाच्या पानाला दोन बाजू आहेत. एकीकडे स्पायडर-मॅन, दुसरीकडे पीटर पार्कर. आपल्या पाळीत एकदा ते पान उलटता येते. मुखवटा चढवलेला असेल तर खलनायक तुमच्यावर हल्ला करतो. मुखवटा उतरवला की मार चुकतो, जखमाही भरून काढता येतात. पण तेवढ्या वेळात खलनायक त्याचा कट पुढे रेटतो.

ऱ्हायनोविरुद्धच्या एकट्याच्या डावाचे उदाहरण घेऊ. कटाचा आकडा ७ वर पोहोचला की खेळ संपतो. सध्या तो ५ आहे आणि स्पायडर-मॅनच्या १० पैकी ३ गुण उरलेत. घरी जाऊन विश्रांती घेतली तर ३ गुण परत मिळतील. पण फेरीअखेर कट आपोआप १ ने वाढतो, झाला ६. समोर पीटर दिसल्याने ऱ्हायनो आणखी १ वाढवतो, झाला ७. हरलात. त्याऐवजी मुखवट्यातच राहून कट १ ने उधळला तर तो ४ होतो, पण फेरीअखेर पुन्हा ५. शिवाय ऱ्हायनोचा हल्ला झेलायचा. तो २ चा, अधिक ऐन वेळी उलटल्या जाणाऱ्या एका पानाची भर. स्पायडर-मॅन ३ पर्यंतचा मार अडवू शकतो. मात्र अडवले तर पुढच्या पाळीत त्याला स्वतःहून हल्ला करता येत नाही की कट उधळता येत नाही. आता वाट काढायची ती हातातल्या पाच पानांतूनच.

माझ्या मते हा खेळ उभा आहे तो या एका नियमावर. सुपरहिरोंची चित्रे कोणत्याही कॅटवर छापता येतील, पण घर आणि रणांगण यांतली ओढाताण येथे थेट हिशेबात उतरली आहे. कॅटमधून येणारी विघ्नेही त्याच जातीची. पीटर पार्करच्या वाट्याला घर रिकामे करण्याची नोटीस येते, तर शी-हल्कपुढे वकिलीचे काम येऊन पडते!

एक बोलतो, बाकीचे ऐकतात?

सहकारी खेळांचा हा जुना रोग आहे. २००८ च्या ‘पॅण्डेमिक’ या गाजलेल्या बोर्डगेममध्ये सगळी माहिती बहुधा सर्वांसमोर असते. त्यामुळे घरातला एक हुशार गडी सर्वांच्या चाली ठरवू लागतो आणि बाकीचे सोंगट्या सरकवण्यापुरते उरतात. ‘मार्व्हल चॅम्पियन्स’मध्ये बोलण्यावर बंदी नाही, पण प्रत्येकाचा हात आणि नायकाचा स्वभाव इतका वेगळा की दुसऱ्याचे सगळे ध्यानात ठेवणे कठीण. आयर्न मॅनला चिलखत घातल्यावर सुरुवातीला एकच पान हाती धरता येते, चिलखताचे भाग जोडत नेले की हात वाढतो. अशा नायकाचा खेळ शेजाऱ्याला सांगून जमत नाही. याची किंमत वेळात मोजावी लागते. चौघांचा डाव रेंगाळतो आणि आपली पाळी येईपर्यंत मोबाइलकडे हात जातो. दोघांत हा खेळ सर्वात चांगला रंगतो, एकट्यानेही छान चालतो.

२०११ च्या ‘सेंटिनल्स ऑफ द मल्टिव्हर्स’शी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होते. तोही सहकारी आणि सुपरहिरोंचाच. त्यात पानांना किंमत नाही, कॅट तयारच असतो. शिवाय गारद झालेला नायकही मित्रांना थोडी मदत करू शकतो, त्यामुळे कोणी नुसता बघत बसत नाही. ही सोय ‘मार्व्हल’मध्ये नाही, ती हवी होती. मात्र ‘सेंटिनल्स’मध्ये या हल्ल्याला एक अधिक, त्याला एक उणे, अशी बेरीज-वजाबाकी पुढे पुढे डोके उठवते.

पहिल्या डावावरून मत नको

ऱ्हायनो हा शिकवणीचा खलनायक आहे. चार-सहा डावांनंतर तो सहज हरू लागतो आणि ‘खेळ सोपाच आहे’ असे वाटते. अल्ट्रॉन समोर आला की हा समज उतरतो. तो तुमच्याच कॅटमधली वरची पाने उपडी ठेवून त्यांचे ड्रोन बनवतो आणि तुमच्यावर सोडतो. कधी मात्र पानांचा क्रमच असा लागतो की काहीही केले तरी हार ठरलेली. तेव्हा चिडचिड होते आणि ती रास्त आहे.

खर्चाचे काय?

१९९३ मध्ये आलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’सारख्या खेळांत बंद पाकिटात कोणती पाने निघतील ते नशिबावर असते. येथे पाकिटातील पाने ठरलेली, त्यामुळे जुगार नाही. पण नवे नायक, नवे खलनायक यांची पाकिटे येतच राहतात. अमेरिकेत मूळ पेटी साधारण ६० डॉलरला आली. भारतात ती आयात होऊन येते तेव्हा आकडा हजारांत जातो. पानांवरचा मजकूर इंग्रजी, बारीक आणि भरपूर आहे. इंग्रजी सहज न वाचणाऱ्या मुलासोबत खेळायचे तर प्रत्येक पान समजावून सांगावे लागेल. मूळ पेटीतले पाच नायक आणि तीन खलनायक आलटून पालटून, आधी साध्या आणि मग कठीण पातळीवर खेळले तरी कित्येक आठवडे पुरतात. दुसरे पाकीट त्यानंतर घेतले तरी चालते.