बुडालेल्या अझलांटमधील लढाई

फँटसी रोलप्लेइंग गेम या प्रकारात चार-पाच खेळाडू एकेक पात्र आपलेसे करतात, गेम मास्टर म्हटला जाणारा संचालक त्यांच्यापुढे प्रसंग उभा करतो, पात्र काय करणार हे खेळाडू तोंडाने सांगतो आणि जिथे यश-अपयश दोन्ही शक्य असते तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो. 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा प्रकार रूढ झाला. भुयारे, पडके किल्ले आणि ओस पडलेली मंदिरे ही त्यातील साहसांची नेहमीची ठिकाणे होती. पण अवघ्या एका वर्षात, 1975 मध्ये, डेव्ह आर्नेसन यांच्या नावाने निघालेल्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत पाण्याखालच्या साहसांचे नियम आले आणि त्यांच्याबरोबर स्टीव्ह मार्श यांनी कल्पिलेले सहुआगिन, म्हणजे शार्क माशांना हुकमात ठेवणारे क्रूर मत्स्यमानवही आले. बुडीत अवशेष आणि जलचर राक्षस ही जोडी तेव्हापासून या खेळाला चिकटली आहे, आणि ती चिकटून राहण्याचे कारण राक्षसांपेक्षा पाण्यात अधिक आहे.

त्यासाठी आधी लेव्हल म्हणजे काय ते पाहावे लागते. पात्राला अनुभव मिळत जातो तशी त्याची लेव्हल वाढते. पहिल्या लेव्हलचे पात्र एखाद्या दांडग्या लांडग्यापुढेही गारद होऊ शकते, तर विसाव्या लेव्हलचे पात्र जवळजवळ पुराणपुरुषाच्या तोडीचे असते. ‘पाथफाइंडर’ या खेळाच्या 2009 मधील पहिल्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलच्या जादूगाराला उडण्याचा मंत्र मिळतो आणि नवव्या लेव्हलला शेकडो मैल क्षणात ओलांडण्याचा, त्यामुळे चौदाव्या-पंधराव्या लेव्हलपर्यंत पोचलेल्या पथकाला दरी, तटबंदी, कुलूपबंद दार असले अडथळे अडथळे वाटेनासे होतात. वरच्या लेव्हलचे साहस रचणाऱ्या लेखकाची खरी अडचण इथे असते, कारण केवळ राक्षसाचे बळ आणि फाशांची संख्या वाढवत नेली तर लढाई लांबते, कठीण होत नाही. पाणी मात्र कठीणपणा वेगळ्या रीतीने आणते: ते शत्रू बलवान करत नाही, नायकांच्या सवयी निकामी करते.

याचे चांगले उदाहरण म्हणजे पाथफाइंडरची प्रकाशक संस्था पायझोने ऑगस्ट 2017 ते जानेवारी 2018 या काळात सहा भागांत प्रसिद्ध केलेली ‘रुइन्स ऑफ अझलांट’ ही मोहीम. अझलांट हे या खेळाच्या काल्पनिक जगातले समुद्रात बुडालेले खंड असून प्लेटोच्या अटलांटिसकडून केलेली ही उसनवारी नावातही लपवलेली नाही. ॲबोलेथ नावाच्या अतिप्राचीन जलचरांनी आडून संस्कार करून एका मानवसमाजाला वैभवाला चढवले, तो समाज आपल्या अदृश्य शिक्षकांना जुमानेनासा झाला, तेव्हा त्याच ॲबोलेथांनी आकाशातून पाषाण खाली ओढून ते खंड फोडले, अशी त्यामागची कथा आहे. या संहाराला खेळातील कालगणनेनुसार सुमारे दहा हजार वर्षे झाली आहेत. मोहिमेची सुरुवात उरलेल्या एका बेटावरच्या नव्या वसाहतीत आणि पहिल्या लेव्हलला होते, आणि भाग पुढे सरकतात तसतशी पात्रे लेव्हलने वर आणि समुद्रात खाली जात राहतात.

पाण्यात पहिला प्रश्न श्वासाचा, आणि तो सोडवणारा मंत्र जादूगाराला पाचव्याच लेव्हलला मिळतो. म्हणून वरच्या लेव्हलला बुडून मरण्याची भीती संपते असा समज सहज होतो. तो अर्धाच खरा आहे. पाण्यात श्वास घेऊ देणारा हा मंत्र जादूगाराच्या दर लेव्हलमागे दोन तास टिकतो, परंतु तो काळ ज्यांना ज्यांना स्पर्श केला त्या सर्वांत वाटला जातो, म्हणजे चौदाव्या लेव्हलच्या जादूगाराचे 28 तास चौघांत प्रत्येकी सात तास होतात. पाण्यात मोकळेपणी हालचाल करू देणारा वेगळा मंत्र एका वेळी एकालाच लागू होतो आणि त्याच लेव्हलच्या पुरोहिताने म्हटला तर दोन तास वीस मिनिटांत विरतो. तेव्हा पथक खाली उतरते ते दोन वेगवेगळी घड्याळे घेऊन, आणि शत्रूपक्षातील एखाद्या मांत्रिकाने दुसऱ्याचा मंत्र मोडणारा मंत्र नेमका टाकला तर त्यांतले कोणतेही घड्याळ जागच्या जागी थांबू शकते. कसलेला गेम मास्टर राक्षसाला नायकाच्या गळ्याशी पाठवण्याऐवजी हा मंत्र वापरतो, आणि टेबलाभोवतीची बडबड तेव्हाच बंद होते.

हालचालीचा तो मंत्र नसेल तर तलवार, कुऱ्हाड, गदा अशी घाव घालणारी किंवा ठेचणारी शस्त्रे पाण्यात नेम चुकवतात आणि निम्मीच इजा करतात; भाला, त्रिशूळ, कट्यार ही भोसकणारी शस्त्रे मात्र नेहमीसारखी चालतात. बारा लेव्हली ज्या जादुई परशूवर जीव लावला तो बाजूला ठेवून साधा भाला उचलण्याची पाळी योद्ध्यावर येते. आगीचे मंत्र तर पाण्याखाली मुळात निष्फळच ठरतात, ते चालवायचे तर जादूगाराला फासा टाकून आपले सामर्थ्य आधी सिद्ध करावे लागते; चौदाव्या लेव्हलच्या जादूगाराने अग्निगोळा फेकायचा ठरवला तर फाशावर किमान नऊ पडावे लागतात, आणि जमले तरी ज्वाळेऐवजी उकळत्या वाफेचा बुडबुडा उठतो. खोल पाण्याचा दाबही नियमांत आहे. पृष्ठभागापासून दर शंभर फुटांमागे, दर मिनिटाला, सहा बाजूंच्या एका फाशाएवढी इजा होते, शरीरबळाची परीक्षा पार पडली तर ती टळते, पण प्रत्येक परीक्षा आधीच्यापेक्षा अवघड होत जाते. पाचशे फूट खोल ते पाच फासे होतात.

दिशांचा प्रश्न या सर्वांहून जास्त छळतो, आणि लेखकही बहुधा इथेच कमी पडतात. जमिनीवरचे भुयार चौकटींच्या कागदावर आखता येते, कारण शत्रू दारातून येतो. पाण्यात तो छतावरच्या भगदाडातून येतो, फरशीच्या फटीतून येतो, आणि खोलीच्या मधोमध तरंगणाऱ्या नायकाला पाठ टेकायला भिंतच नसते. तरीही पुष्कळ छापील साहसांत बुडीत मंदिराचा नकाशा कोरड्या मंदिरासारखाच असतो, जिने जिन्यांच्या जागी आणि दारे दारांच्या जागी, जणू पोहणारे प्राणी पायऱ्या चढून ये-जा करतात. याउलट, डेव्ह ब्राउन आणि डॉन टर्नबुल यांनी 1983 साली लिहिलेल्या ‘द फायनल एनिमी’ या साहसाची लेव्हल कमी असली तरी त्यात एक शहाणपण होते: सहुआगिनांचा गड जिंकायचा नाही, आत शिरून शत्रूची संख्या आणि तयारी पाहून परत यायचे, असे काम नायकांना दिले होते. आपण परक्या मुलखात आहोत ही जाणीव त्यातून जितकी येते तितकी रक्तपातातून येत नाही.

खऱ्या बुडीत नगरांशी या अवशेषांचे साम्य बेताचेच असते. इजिप्तच्या अबू किर उपसागरात 2000 साली फ्रँक गोदियो यांच्या चमूला सापडलेले थोनिस-हेराक्लिऑन गाळाखाली गाडलेले होते. तिथे पोहत शिरावे अशी दालने नव्हती, चिखल उपसून हाती येणारे पुतळे, शिलालेख आणि जहाजांचे नांगर होते. खेळाला मात्र उभे दालन हवे असते. अझलांटची बांधणी जादूने टिकली असे सांगून तिथे ते मिळवले जाते, आणि ही सवलत वाचकाने द्यायला हरकत नसावी.

शेवटी राक्षसांकडे यावे लागते, आणि त्यांत ॲबोलेथला तोड नाही. डेव्हिड कुक यांच्या 1981 मधील ‘ड्वेलर्स ऑफ द फॉरबिडन सिटी’ या साहसात प्रथम आलेला हा प्राणी तीन डोळ्यांचा, चार शुंडांचा, अजस्र माशासारखा आहे. पाण्यात त्याच्याभोवती पारदर्शक बुळबुळीत पदार्थाचा ढग असतो. जवळ आलेला मनुष्य त्याला बळी पडला तर तीन तास त्याला पाण्यात श्वास घेता येतो, मात्र हवेत घेता येत नाही, म्हणजे ज्या पाण्याची भीती होती त्याच पाण्यात त्याला थांबावे लागते. ॲबोलेथच्या शुंडेच्या स्पर्शाने कातडीचा ओला पडदा होतो, आणि तो ओला राखला नाही तर शरीर सुकून झिजू लागते. दिवसातून तीन वेळा तो दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेऊ शकतो. एवढे असूनही पाथफाइंडरच्या मोजपट्टीवर साधा ॲबोलेथ सातव्या लेव्हलच्या पथकालाच साजेसा शत्रू ठरतो, म्हणून अझलांटच्या मोहिमेत त्याच्याच जातीतील वरच्या पायरीचे, रूप पालटू शकणारे अधिपती मुख्य शत्रू म्हणून येतात.

पण त्यांचे खरे बळ लढाईच्या आकड्यांत मांडलेले नाही. ॲबोलेथला आपल्या पूर्वजांच्या सर्व आठवणी वारशाने मिळतात. नायक दहा हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवरचा मजकूर लावत बसलेले असतात, आणि समोरच्या शत्रूला ती भिंत कोणी बांधली, ती का पडली आणि पाडताना काय ठरले होते, हे सारे ठाऊक असते. त्यामुळे अशा अधिपतीशी गाठ पडताच गेम मास्टरने फासे टाकायला लावणे म्हणजे साहसातला सर्वांत मोठा ऐवज वाया घालवणे होय. सात तासांची श्वासाची मुदत अर्धी सरली असताना त्या शत्रूने सावकाश बोलायला सुरुवात करावी आणि त्याचे ऐकायचे की वार करायचे हे खेळाडूंना ठरवायला लावावे.